लेक नीट रिपीट करतेय : झोप, जेवण, खेळ यांनी मन खरंच सावरतं का?

रानजाई (धागाकर्ती) | ३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लेक १८ वर्षांची. बारावीनंतर नीटला मनासारखे मार्क पडले नाहीत, म्हणून तिनेच ठरवलं की एक वर्ष रिपीट करायचं. जूनमध्ये लातूरला होस्टेलवर ठेवली. दिवाळीला घरी आली तेव्हा वरवर सगळं ठीक होतं. बोलत होती, विचारलं तर हसतही होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी म्हटलं, दारात रांगोळी काढ. डबा उघडून बसली आणि अर्धा तास नुसती चिमटीतून पांढरी रांगोळी खाली सोडत राहिली. ठिपके नाहीत, रेघ नाही, एका जागी ढीग. हीच मुलगी दरवर्षी आमची झाली की शेजारच्या तीन घरांपुढे काढून यायची. जवळ बसून विचारलं तर म्हणाली, "आई, मला काही वाटतच नाही. वाईटसुद्धा नाही वाटत."

मग हळूहळू कळलं. रात्री दीड-दोनपर्यंत जागरण, साडेपाचला उठून साडेसहाचा क्लास, मेसचा डबा निम्मा परत. तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरलंय.

मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन आहे म्हणाले. समुपदेशन सुरू केलंय, औषधाचं तीन आठवड्यांनी बघू म्हणालेत. कागदावर शेवटी एक ओळ आहे : झोप, आहार, व्यायाम सांभाळा.

त्या एका ओळीवर मी अडकलेय. नातेवाईकांतही प्रत्येकजण तेच सांगतोय. सूर्यनमस्कार घालायला लावा, मोबाईल काढून घ्या, पहाटे उठवा. यात खरंच काही तथ्य आहे, की सांगायला सोपं म्हणून सगळे सांगतात? यावर अभ्यास झालेत का? आणि तिला हे सांगायचं कसं? मी काहीही म्हटलं तरी तिला ती तिचीच चूक वाटते.

तिसरा_प्रहर | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

रानजाईताई, तुम्ही वेळेत डॉक्टरांकडे गेलात हे फार बरं केलंत. मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. आमच्याकडे बहुतेक पालक येतात ते सगळं वर्ष हातातून गेल्यावर.

तथ्य आहे, आणि मी झोपेपासून सुरू करेन. वयात आल्यावर शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा पाझरू लागतं, हा फरक दोन तासांपर्यंत असू शकतो. म्हणजे रात्री अकराला पोरगी टक्क जागी असते ती हट्टाने नव्हे. आणि १३ ते १८ या वयाला झोप लागते ८ ते १० तास. दीडला पडून साडेपाचला उठायचं म्हणजे रोज निम्म्या झोपेवर दिवस काढायचा. त्यात वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं कामही झोपेतच होतं. ज्या अभ्यासासाठी ती जागतेय, तोच त्या जागरणाने पुसला जातो.

सिएटल शहरात २०१६ साली माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवायला लागले. मुलं तेवढीच उशिरा झोपतील अशी शंका होती. मनगटावर यंत्र बांधून मोजलं, तर मुलं रोज ३४ मिनिटं जास्त झोपत होती. आपल्याकडे २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर सरकलेलं असतं त्या अकरावी-बारावीच्या मुलांचे क्लास अजून उजाडायच्या आत भरतात, आणि याबद्दल पालकसभेत कोणी चकार शब्द काढत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

घरी काय कराल : झोपायची वेळ लादू नका, उठायची वेळ ठरवा. सात म्हणजे रोज सात, रविवारीसुद्धा. उठल्यावर लगेच गच्चीत किंवा अंगणात, उजेडात. घड्याळ मागे ओढायला सकाळच्या उजेडाइतकं दुसरं काही नाही. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. पहाटे उठवा हा सल्ला मात्र कृपया ऐकू नका.

अंगणकट्टा | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

माझं वय ७१. आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, पहाटे विहिरीवरून पाणी आणून शाळेत गेलो. मनाचे आजार हा शब्दही माहीत नव्हता. मी कुणाला दुखवायला लिहीत नाही, नातू दहावीत आहे म्हणून विचारतो. एवढं सगळं समजावून आपण मुलांना जास्त हळवं करत नाही ना?

तिसरा_प्रहर | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

काका, प्रश्न योग्य आहे. कंदील होता, पण रॉकेल जपायचं म्हणून नऊ-दहाला वात बारीक व्हायची आणि घर झोपायचं. पाणी आणताना तुमचा तासभर व्यायाम व्हायचा, मोकळ्या हवेत. आज ज्याला आपण 'लाइफस्टाइल' म्हणतो, ते तुम्हाला न मागता मिळत होतं.

आणि आजार तेव्हाही होते. आमच्या गावातल्या एका काकूंना सगळे 'अंगात येतं' म्हणायचे. आता मागे वळून पाहिलं की कळतं, त्यांना काय होत होतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना उपचार लागावेत असा त्रास आढळला. ४० मुलांच्या वर्गात तीन. जगभरच्या १९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला, त्यात असं दिसलं की ज्यांना कधीतरी मनाचा आजार होतो, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना तो अठराच्या आत सुरू झालेला असतो. तेव्हा 'वय आहे, निघून जाईल' म्हणून ज्या वयाकडे काणाडोळा होतो, नेमकं तेच वय लक्ष द्यायचं आहे.

उन्हाळपक्षी | ४ नोव्हेंबर, दुपारी २:२०

काकू, मी २२ वर्षांची आहे. हे रिपीटचं वर्ष मी काढलंय, म्हणून लिहितेय.

घरचे म्हणायचे "जरा व्यायाम कर", मला ऐकू यायचं "तू आळशी आहेस". "वेळेवर जेव" म्हटलं की वाटायचं, हेही मला जमत नाही. तुमची मुलगी चूक कुठे ऐकते ते मला माहीत आहे.

आमच्याकडे बाबांनी एकच केलं. रोज रात्री साडेनऊला चप्पल घालून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "चल, दूध आणू." डेअरी वीस मिनिटांवर. जाताना-येताना अभ्यासाचा विषय नाही. कधी कधी एक शब्दसुद्धा नाही. पंधरा-वीस दिवसांनी मी फ्रीज उघडला तर आत दुधाच्या सहा पिशव्या. दूधवाला सकाळी टाकतच होता. आईने त्या आठवड्यात चार वेळा खरवसासारखं काहीतरी केलं होतं ते का, हे तेव्हा कळलं.

मला औषधही लागलं, आठ महिने. ते लपवत नाही. गोळी सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी अंथरुणातून उठणं जमायला लागलं, चालणं त्यानंतर उपयोगी पडलं. नुसतं चालून झालं नसतं. म्हणून 'आधी लाइफस्टाइल सुधारू, मग डॉक्टरांचं बघू' असं कृपया कुणी करू नका.

मांडवीकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

उन्हाळपक्षी, तुझ्या बाबांनी जे केलं त्याला आमच्या क्षेत्रात नाव आहे : बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे आधी कृती, मग मन. मी गोव्यात आरोग्य खात्यात काम करते.

उदास माणूस म्हणतो, 'मन झालं की करेन'. डिप्रेशनमध्ये मन होतच नाही, म्हणून माणूस करत नाही, न केल्याने आणखी रिकामं वाटतं, आणि चक्र फिरत राहतं. उपाय असा की मनाची वाट न बघता एखादी अगदी छोटी कृती ठरवून करायची, आणि केल्यावर कसं वाटलं ते लिहायचं. संगत ही गोव्याची संस्था, १९९६ पासूनची. त्यांनी हे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. समुपदेशक म्हणून डॉक्टर नाहीत, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटी. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले : तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. हा अभ्यास प्रौढांवरचा होता, हे सांगायला हवं. पण तत्त्व तेच.

मुलांसाठी त्यांनी बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत काम केलं. काही शाळांत बाहेरून आलेला प्रशिक्षित समुपदेशक, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे, काही शाळा तुलनेला. आठ महिन्यांनी समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांचं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, शाळा आपली वाटू लागली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत काहीच फरक नाही. शिक्षक वाईट होते असं नव्हे. जो मार्क देतो त्याच्यापुढे मन मोकळं करणं मुलाला अवघड जातं, असं मला वाटतं. आई-बाबांचंही काही अंशी तसंच आहे. त्यामुळे रानजाई, तुमच्याशी ती सगळं बोलत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कोणाशी तरी बोलतेय ना, ते बघा.

रानजाई | ५ नोव्हेंबर, रात्री १२:१०

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. दुधाच्या पिशव्यांचं वाचून रडू आलं.

दोन प्रश्न. मोबाईल काढून घेऊ का? आणि दुसरा लिहिताना हात थरथरतोय. तिला स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हे विचारू का? विचारलं आणि त्यामुळेच डोक्यात आलं तर?

तिसरा_प्रहर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

दुसऱ्याचं आधी. विचारा. आजच विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती सार्वत्रिक आहे, पण २०१४ मध्ये यावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा तसं आढळलं नाही. उलट विचारल्याने मनावरचं दडपण थोडं हलकं होताना दिसलं. आडवळणाने नको. शेजारी बसा, तिच्याकडे बघण्याचा आग्रह नको, भाजी निवडता निवडता चालेल. "कधी कधी इतकं जड होतं की जगूच नये असं वाटतं. तुला तसं वाटतं का?" एवढंच. मग गप्प राहा. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार नाही केलास?" हे तर अजिबात नको. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फक्त तिनेच नाही, तुम्हीही करू शकता. आणि परिस्थिती हाताबाहेर वाटली तर फोनवर वेळ न घालवता थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात.

काका, हेही तुमच्यासाठी : २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याची नोंद आहे, त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणून मी हळवेपणाची चिंता करत नाही.

मोबाईल : काढून घेऊ नका. मैत्रिणी त्यातच आहेत. २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांच्या माहितीचं विश्लेषण झालं, त्यात मुलांच्या सुखदुःखातला जेमतेम ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. तेव्हा सगळं खापर मोबाईलवर फोडता येत नाही. पण तो उशाला असला की झोप खातो, हे आम्ही रोज बघतो. रात्री चार्जिंग स्वयंपाकघरात, आणि सगळ्यांचेच फोन तिथे. तुमचा आणि तिच्या बाबांचाही.

हळीवलाडू | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

मी ग्रामीण रुग्णालयात आहारतज्ज्ञ. पाच किलो वजन उतरलंय आणि डबा परत येतो हे वाचून लिहितेय. आधी रक्त तपासा : हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं होतं. थकवा, लक्ष न लागणं, कशातच रस न वाटणं, धाप. हे निम्मं वर्णन रक्त कमी असलेल्या मुलीचंही असू शकतं. दोन्ही एकदम असू शकतं. शाळेत दर आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळायची, किती मुलींनी ती खिडकीतून टाकली ते मला विचारा.

आहाराने मन सुधारतं का? सिडनीत १८ ते २५ वयाच्या, नैराश्य असलेल्या ७२ तरुणांवर एक प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. निम्म्यांना बारा आठवडे भाज्या, डाळी-कडधान्यं, मासे, तेलबिया असं खायला शिकवलं, निम्म्यांशी तेवढाच वेळ गप्पा मारल्या. खाणं बदललेल्यांची उदासी बरीच जास्त उतरली. फक्त ७२ जण, सगळे मुलगे, म्हणून मी याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. पण ते जेवण काय होतं बघा. आपली ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी, कधी बांगडा. दूर जायची गरज नाही.

भूक नसलेल्या मुलीपुढे भरलेलं ताट ठेवू नका. बघूनच नको होतं. दर तीन तासांनी मूठभर : गूळ-शेंगदाणे, हळिवाचा लाडू, वर लिंबूपाणी म्हणजे लोह अंगी लागेल. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो.

खोखोवाले_सर | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. थोडक्यात लिहितो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाला रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. १४६ देशांची आकडेवारी बघितली तर ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलांना ती मिळत नाही, मुलींत ८५. माझ्या शाळेत दहावी आली की पहिला माझा तास जायचा, गणिताला. मी भांडायचो. हरायचो. आठवीत खांबापासून खांबापर्यंत विजेसारखी पळणारी मुलगी दहावीत जिना चढताना थांबायची, हे मी कितीदा पाहिलंय.

रानजाईताई, तुमची लेक आधी काय खेळायची? नवीन काही लावू नका. जिमचे पैसे भरू नका. जे शरीराला आधीपासून येतं तेच परत सुरू करा, दहा मिनिटं. आणि एकटीला नको, सोबत कुणीतरी.

रानजाई | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सर, ती सायकल चालवायची. आठवी ते दहावी शाळेत सायकलनेच. आता सायकल जिन्याखाली आहे, दोन्ही चाकं बसलेली.

विचारलं मी. लसूण सोलताना. "कधी कधी झोपेतून उठूच नये असं वाटतं, पण काही करणार नाहीये मी," म्हणाली. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी उद्याच बोलावलंय.

मांडवीकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५५

फार मोठं काम केलंत. उद्या तिला आत एकटीला बोलू द्या.

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून : महाराष्ट्रात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतात, समुपदेशन मोफत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. तुमची आरोग्य विम्याची पॉलिसी असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं, कागद काढून बघा.

अंगणकट्टा | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सगळं वाचलं. तिसरा_प्रहर, तुमच्या गावच्या काकूंचं वाचून माझी थोरली बहीण आठवली. रात्रभर डोळा लागला नाही. नातवाच्या आईला सांगितलंय, त्याला उद्यापासून पाचला उठवायचं नाही. ध्यानाचा एक वर्ग लावावा म्हणतो, त्याचा उपयोग होईल का?

तिसरा_प्रहर | ६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

काका, बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. इथे किंवा निरोपातून, कधीही लिहा.

ध्यानाचं : इंग्लंड आणि आसपासच्या ८५ शाळांत आठ हजारांवर मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आले. शिक्षकांना माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचं ध्यान, शिकवून त्यांनी तो वर्गाला शिकवला. शाळेत नेहमी जे शिकवतात त्यापेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. चांगली गोष्ट सगळ्यांवर सरसकट लादली की तिचा परिणाम उरत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. नातवाला आवडलं तर जरूर. नाही आवडलं तर त्याला संध्याकाळी तुमच्याबरोबर चालायला न्या.

रानजाई | १४ डिसेंबर, रात्री ९:२०

उशिरा लिहितेय, माफ करा.

औषध सुरू झालं ६ नोव्हेंबरलाच. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, त्याच्याही गोळ्या चालू आहेत. होस्टेल सोडलं. क्लासवाल्यांनी उरलेली फी परत दिली नाही, जाऊ दे. इथे दुपारची बॅच मिळाली, बारा ते चार. ती सातला उठते, गच्चीत बसून मोड आलेले मूग खाते, मी शेजारी पेपर वाचते. फोन चौघांचे ओट्यावर. सासूबाईंनी कुरकुर केली, आता त्याच दहाला सगळ्यांचे गोळा करतात.

सगळे दिवस चांगले नाहीत. मागच्या मंगळवारी दिवसभर उठली नाही, जेवलीही नाही. मी घाबरले. समुपदेशक म्हणाल्या, असे दिवस येणार, वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा गच्ची. तसंच केलं. डॉक्टर जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात तिचा आकडा १७ वरून ११ वर आलाय. मेमधल्या परीक्षेचं काय, ते अजून ठरवलेलं नाही. फेब्रुवारीपर्यंत घरात कुणी विचारायचं नाही असं ठरलंय, ते मात्र आम्ही पाळतोय.

रात्री जेवणानंतर आम्ही दोघी फिरायला जातो. काल कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "आई, या लोकांनी बुचाचं झाड तोडलं?" झाड तोडून सहा महिने झालेत. रोज त्यावरूनच जातोय आम्ही.

सर, सायकलच्या दोन्ही ट्यूब गेल्या होत्या, नवीन टाकून आणल्यात. सीट उंच करायला पाना हवाय, तो उद्या शेजारच्यांकडून आणते.